शिमगा झाला, आता छपराकडे पाहा

शिमगा झाला. पालखी घरोघर फिरून पुन्हा देवळात बसली. भात कधीच कोठीत पडले आहे. पहाटे गोधडी अंगावर ओढावी लागत नाही. हाताला थोडी उसंत आहे. मंडळी, या दिवसांत एक काम जरूर करा. मान वर करा आणि आपल्या घराचे छप्पर पाहा.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पावसाला अजून तीन महिने आहेत. मिरग जवळ आला की चढू वर, फिरवू चार कौलं, झालं काम!" असेच सगळे म्हणतात. आणि मग मे महिन्याच्या अखेरीस सगळ्या गावाला एकाच दिवशी सुतार हवा असतो. एक सुतार आणि चाळीस घरे. तो तरी काय करणार? आज तुमच्याकडे, उद्या तिकडे, आणि परवा वळवाचा पाऊस. कौले मिळत नाहीत. लाकूड मिळाले तर ओले मिळते. ओला वासा घातला तर तो पुढे वाळताना पीळ घेतो आणि वरची कौले सरकवतो. म्हणून काम भले वैशाखात होवो, पण पाहणी फाल्गुनातच करावी. काय लागणार हे आधी कळले, म्हणजे ते जमवायला दोन महिने हातात राहतात.

आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात छपराचे लाकूड हवेतली ओल पिऊन फुगते. पुढे थंडीच्या कोरड्या हवेत ते सुकते आणि आकसते. असे दरवर्षी होते. त्यामुळे खिळे सैल पडतात, रिपा ढिल्या होतात. याच दिवसांत झाडांची पाने गळून छपरावर साचतात. रानातला पाला, फळे कमी झाली की वानरे गावात येतात आणि या घरावरून त्या घरावर उड्या मारतात. मोठे वानर दणकन आदळले की कौल फुटते, नाही तर जागेवरून हलते. खाली बसलेल्या माणसाला नुसता आवाज येतो. "वानर गेला," एवढे म्हणून तो पुन्हा कामाला लागतो. म्हणजे हिवाळा सरतो तेव्हा छपराची बरीच मोडतोड होऊन गेलेली असते. पाऊस नसल्यामुळे ती कुणाला दिसत नाही, इतकेच.

हिमाचल, काश्मीरकडे छपरावर बर्फ साचते. तिकडे हिवाळ्यानंतर बर्फाने काय मोडले ते पाहतात. आपली गाठ बर्फाशी नाही, पाण्याशी आहे. आणि पाणी किती, याचा हिशेब करून पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. तुमचे छप्पर २० फूट रुंद आणि ३० फूट लांब जागा झाकत असेल, तर त्यावर चार महिन्यांत दीड लाख लिटरांहून जास्त पाणी पडते. एवढे पाणी वाट शोधत असते. त्याला बोटभर फट पुरते.

आमच्या शेजारच्या वाडीत एक आजी एकटी राहत असे. मुलगा मुंबईला. एका पावसाळ्यात माजघराच्या कोपऱ्यात थेंब पडू लागला. आजीने खाली तांब्या ठेवला. दुसऱ्या वर्षी तांब्या पुरेना, म्हणून घमेले ठेवले. घमेले भरले की ओतायचे, पुन्हा ठेवायचे. जमीन कोरडी राहत होती, म्हणून कुणाला काही वाटले नाही. पण छपरातून येणारे सगळेच पाणी काही घमेल्यात पडत नव्हते. काही पाणी वाशावरून ओघळत भिंतीत जात होते. वाशाचे भिंतीवर टेकलेले टोक दोन वर्षे कुजत होते, आणि भिंतीतली माती मऊ होत होती. तिसऱ्या श्रावणात एका पहाटे ते टोक तुटले. वाशामागून वासा गेला, आणि कौलांचे अर्धे पाखे भिंतीसकट खाली आले. आजी तेव्हा गोठ्यात धार काढत होती, म्हणून वाचली. अंथरूण ढिगाऱ्याखाली होते. पुढे वासे काढताना सुतार म्हणाला, "एक कौल फुटलं होतं, बस्स. त्या दिवशी बदललं असतं तर घटकाभराचं काम."

आता पाहणी कशी करायची ते सांगतो. पहिल्याने वर चढू नका. छपराचे बरेचसे दुखणे घरातूनच दिसते.

स्वच्छ उन्हाचा दिवस पाहा. दुपारी बाराच्या सुमारास घराची दारे-खिडक्या लावून घ्या. घरात अंधार करा. थोडा वेळ थांबा, म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय होईल. मग जमिनीवर कुठे कवडसे पडले आहेत ते पाहा. कवडसा दिसला म्हणजे वर भोक आहे. पण ते भोक कवडशाच्या अगदी डोक्यावर नसते, कारण ऊन तिरपे येते. मग शोधायचे कसे? केरसुणी घेऊन जमीन जरा झाडा. धूळ उडाली की कवडशाची वाट हवेत काठीसारखी सरळ दिसते. तिच्या वरच्या टोकाला भोक. आम्ही शाळेत होतो तेव्हा दरवर्षी परीक्षा संपल्यावर एकेका वर्गात हेच करत असू. मुलांना मोठी मौज वाटे. पण त्या झाडलोटीने शाळेच्या वह्या-पुस्तके पुष्कळ वर्षे कोरडी राहिली.

भोक सापडले की त्यातून केरसुणीचा एक हीर वर खोचून ठेवा. बाहेर छपरावर काम करणाऱ्या माणसाला तो हीर दिसतो, आणि त्याला शोधत बसावे लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोन कौलांच्या जोडातून थोडा अंधूक उजेड दिसला तर लगेच घाबरू नका. वरचे कौल खालच्या कौलावर चढलेले असते, त्या फटीतून उजेड आत येतो, पण सरळ पडणारे पाणी येत नाही. मात्र वाऱ्याबरोबर येणारे पाणी येते. म्हणून पश्चिमेकडच्या आणि नैऋत्येकडच्या पाख्यांवर, जिकडून पावसाळ्यात वारा येतो तिकडे, अशा फटीसुद्धा मोजाव्यात. दुसऱ्या बाजूला त्या चालतील.

मग डाग पाहा. वाशांवर, रिपांवर, भिंतींवर पिवळट, काळपट ओघळ आहेत का? पाण्याची चाल विचित्र असते. ते एके ठिकाणी आत शिरते, वाशाच्या पोटावरून चार-पाच हात खाली सरकते आणि तिसऱ्याच ठिकाणी टपकते. म्हणून थेंब पडला तिथले कौल बदलून काम होत नाही. ओघळाचा माग काढत चढाकडे, म्हणजे आढ्याकडे जायचे. ओघळ जिथे सुरू होतो, तिथे खोट असते. जमीन शेणाने सारवलेली असेल तर गेल्या पावसाळ्यातल्या थेंबांचे बारीक खळगेही कधी कधी कोपऱ्यात दिसतात. हे घरातल्या बायकांना जास्त ठाऊक असते. कुठे भांडे ठेवावे लागले होते, हे पुरुषाला आठवत नाही, कारभारणीला आठवते. तिला विचारा.

आता लाकूड. पुष्कळ लोक कौले पाहतात आणि लाकूड पाहत नाहीत. हे उफराटे आहे. एक मंगलोरी कौल कोरडे असताना सुमारे अडीच किलो भरते. १०० चौरस फूट छपराला सुमारे १५० कौले लागतात. म्हणजे तेवढ्या छपरावर पावणेचारशे किलोंचे ओझे झाले. कौल भाजलेल्या मातीचे, ते पाणी पिते. चांगले कौलसुद्धा किलोमागे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम पाणी पिऊ शकते. म्हणजे ऐन पावसात तेच ओझे आणखी पन्नास-साठ किलोंनी वाढते. आणि लाकूड कुजके असेल तर ते दगा देते तेही ऐन पावसातच.

वासा तपासायला काठी घ्या आणि वाशावर ठोका. टणटण वाजला तर बरा. बद्द वाजला तर आतून पोकळ आहे. कोयत्याचे टोक दाबून पाहा. सहज आत गेले तर वासा गेला असे समजा. वाशाचे जे टोक भिंतीवर टेकते, ते आधी पाहा. कुजणे तिथूनच सुरू होते. भिंतीवरून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर ती वाळवीची वाट. ती थोडी खरवडून टाका आणि चार-आठ दिवसांनी पाहा. नळी पुन्हा बांधली गेली असेल, तर आत वाळवी जिवंत आहे. खाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल, तर वाशात भुंगा किंवा दुसरी कीड आहे. काही जण काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावतात. ते चांगले, पण ते हाताला लागले तर कातडी भाजते. हाताला काही बांधल्याशिवाय लावू नये.

चुलीच्या धुराचेही इथे सांगायला हवे. पूर्वी स्वयंपाकघरात दिवसभर धूर असे. त्याने वरचे वासे काळे पडत, कोरडे राहत आणि त्यांना कीड कमी लागे. आता बहुतेक घरांत गॅस आला. फार चांगले झाले. त्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती किती गेली, ते आम्ही पाहिले आहे. पण वाशांची ती राखण आता उरली नाही. स्वयंपाकघरावरचे छप्पर "ते काही बिघडत नाही" म्हणून सोडून देऊ नका.

आता अंगणात या आणि घरापासून वीस-पंचवीस पावले लांब जा. माथ्यावरची रेघ पाहा. ती सरळ आहे का? मध्ये घोड्याच्या पाठीसारखी खोल गेली असेल, तर आढे वाकले आहे. तिथे कौले बदलून काही होणार नाही. जाणता सुतार बोलवा. माथ्यावरच्या वळलेल्या कौलांचे सांधे पाहा. तिथला चुना किंवा सिमेंट फुटले असेल तर ते काढून नवे भरायचे. पण जाड थापू नका. लाकूड फुगते, आकसते, छप्पर थोडे हलते; जाड सिमेंट हलत नाही, म्हणून तडकते. दोन पाखी मिळून जिथे पन्हळ झाली आहे, तिथला पाला काढा. पडवीचे छप्पर मोठ्या भिंतीला जिथे चिकटते, तो सांधा तर हमखास गळतो. तिथे बोट घालून पाहावे.

कौलाचे कौल बदलणे तसे सोपे आहे. वरचे कौल किंचित उचलायचे आणि खालचे सरकवून काढायचे. माळा असेल तर हे घरातूनही जमते. नवे कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्या. खणखणीत वाजले तर घ्या. भद वाजले तर त्याला चीर आहे, मग ती दिसो वा न दिसो. आणि माप जुळवून घ्या. मंगळूरला बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली ही कौले करण्याचा कारखाना काढला, म्हणून त्यांना मंगलोरी नाव पडले. पुढे गावोगाव कारखाने झाले, आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. म्हणून दुकानात जाताना आपले एक जुने कौल बरोबर न्यावे. लाज कसली?

वर चढावेच लागले तर सांभाळून. दरवर्षी पावसाच्या तोंडावर छपरावरून पडून माणसे जायबंदी होतात, काही दगावतात. शिडीची उंची चार हात असेल, तर तिचे पाय भिंतीपासून एक हात लांब ठेवा. वरचे टोक दोरीने बांधा. खाली एक माणूस उभा हवा. कौलाच्या मधोमध पाय देऊ नका. जाड फळी टाका आणि खाली वासा आहे अशाच जागी भार द्या. कौल उचलताना आधी काठीने हलवा. कौलाखाली विंचू असतो, कधी गांधीलमाश्यांचे पोळे असते. विजेची तार छपरावरून गेली असेल तर चढण्याआधी घराचा मुख्य खटका बंद करा. मात्र खांबावरून घराकडे येणाऱ्या तारेत तरीही वीज असते, तिच्या जवळ जाऊ नका. आणि घोट घेतलेल्या माणसाला वर चढू देऊ नका. तो कितीही म्हणाला, "मला सवय आहे," तरी नाही.

आता पुष्कळ घरांवर पत्रे आले आहेत. पत्र्याला कौलाइतकी निगा लागत नाही, असे लोक समजतात. पण रात्रीच्या थंडीत पत्रा आकसतो आणि दुपारच्या उन्हात ताणतो. त्याने खिळ्याचे भोक मोठे होते, खालचे रबर चिरते. प्रत्येक खिळा, प्रत्येक आकडा हलवून पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांत हजारो घरांची छपरे उडाली किंवा मोडली. वारा पत्र्याला नुसता वरून दाबत नाही, खालून शिरून उचलतोही. एक आकडा सैल असला की कोपरा उचलतो, मग सगळा पत्रा जातो. पत्र्यावर धोंडे ठेवून भागत नाही. वादळात तेच धोंडे माणसांवर येतात.

सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर मुळीच उभे राहू नका. ते वरून धड दिसतात आणि पायाखाली एकदम फुटतात. जुने सिमेंटचे पत्रे घासू नका, कापू नका. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ती धूळ छातीत गेली तर पुष्कळ वर्षांनी फुप्फुसाचा रोग होतो, कॅन्सरही होतो.

आम्ही कोकणातले, म्हणून बोलणे कौलांचेच जास्त झाले. पण हे पुस्तक घाटावर, सोलापूर-मराठवाड्याकडेही जाते. तिकडे पाऊस कमी, म्हणून जुन्या घरांवर माळवद असते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहते. त्याला तडे पडले का, उंदरांनी बिळे केली का, गवताची मुळे खोल गेली का, पाणी जाण्याची पन्हळ मोकळी आहे का, हे याच दिवसांत पाहावे. तडा दिसला की वर मातीचा नवा थर द्यायचा, अशी रीत आहे. रीत ठीक, पण जुना थर न काढताच नवा देत गेले, तर दहा-वीस वर्षांत माती हात-दीड हात चढते. किती ओझे झाले, हे खाली झोपणाऱ्याला कळत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या, आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. भूकंप आपल्या हातात नाही. छपरावर किती माती ठेवायची, हे आहे. नवा थर देण्याआधी जुनी, मोकळी झालेली माती खाली काढा. वाहून टाकायला दोन दिवस लागतील. लागू द्यात.

स्लॅबच्या घराला एवढा व्याप नाही. वर पाणी साचू नये, पन्हळीचे तोंड मोकळे असावे, फटीत पिंपळाचे रोप उगवले असेल तर लहान असतानाच मुळासकट काढावे. खालून सिमेंटचे पोपडे पडून लोखंडी गज दिसू लागले, तर मात्र इंजिनियरला दाखवावे.

शेवटी मुंबई-पुण्याला असणाऱ्या मुलांना एक निरोप. तुम्ही शिमग्याला येता, मे महिन्यात आंब्याला येता आणि गणपतीला येता. मधले घर बंद. गणपतीला कुलूप काढल्यावर जे दिसते, ते दोन महिन्यांपूर्वी घडलेले असते. शिमग्याला याल तेव्हा एक दुपार कवडसे शोधायला ठेवा. काय हवे ते कागदावर लिहून सुताराच्या हातात द्या, आणि त्याला थोडी उचलही द्या, म्हणजे त्याला तुमचे घर आठवेल. काम झाल्यावर उरलेली दहा-वीस कौले गोठ्याच्या कडेला उभी लावून ठेवा. आडवी रचली तर खालची फुटतात. आणि कुठे ठेवली आहेत, ते शेजारच्या घरात सांगून जा.